कर टाळणाऱ्या कंपन्या बुडायला लागल्या तर सरकारने त्यांना वाचवावं का?

ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं कायद्यातल्या पळवाटा वापरून कर टाळला, त्यांनी संकटात सरकारपुढे हात पसरले तर जनतेच्या पैशातून त्यांना मदत मिळावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गरज असेल तर कंपनीचं कामकाज वाचवावं, तिच्या मालकांना वाचवू नये, आणि चेक फाडण्याआधी सगळ्या समूहाचा पैसा कुठे आहे ते विचारावं. मी कंपन्यांच्या करविषयक कागदपत्रांवर काम करतो, त्यामुळे अशा प्रश्नात मला नीतीच्या आधी ताळेबंद दिसतो.

कर बुडवणं हा गुन्हा आहे, तो कोर्टाचा विषय. तुमचा प्रश्न कायद्यात राहून कर टाळण्याबद्दल आहे, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहितो.

लोकांचा राग साधा असतो: तेव्हा कर भरला नाहीत, आता भोगा. तो चुकीचा नाही. पण कर टाळण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीमुळे कंपनी बुडण्याची शक्यताच वाढते, हे त्या रागात निसटतं.

समजा, समूहाची मूळ कंपनी शून्य कर असलेल्या एखाद्या बेटावर नोंदलेली आहे आणि प्रत्यक्ष धंदा २५ टक्के कर असलेल्या देशातली उपकंपनी करते. मूळ कंपनी उपकंपनीत भागभांडवल घालत नाही, तिला कर्ज देते. उपकंपनीने वर्षात १०० कमावले आणि त्यातले ८० व्याज म्हणून वर पाठवले, तर कर लागतो उरलेल्या २० वर, म्हणजे ५. तोच पैसा भांडवल म्हणून आला असता तर २५ भरावे लागले असते. व्याज खर्चात धरतात, लाभांश धरत नाहीत, एवढ्या एका नियमावर हा डोलारा उभा असतो. ब्रँड वापरण्याची रॉयल्टी आणि ‘व्यवस्थापन सेवां’चं शुल्क हे त्याचेच भाऊबंद. बाहेरच्या बँकांचं कर्जसुद्धा याच कारणाने शक्यतो जास्त कर असलेल्या देशातल्या उपकंपनीच्या नावावर चढवतात.

आता वाईट वर्ष येऊ द्या. लाभांश थांबवता येतो, बँकेचं व्याज थांबवता येत नाही. चांगल्या वर्षांतला नफा बेटावर गेलेला, कर्ज मात्र इथे. सरकारच्या दारात येते ती ही रिकामी तिजोरी घेतलेली उपकंपनी. तिचे कामगार खरे, तिची देणी खरी, आणि तिचा मालक दुसऱ्या कायद्याखाली निवांत.

हे जगाला ठाऊक नाही असं नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली की निव्वळ व्याजाची वजावट कमाईच्या १० ते ३० टक्क्यांच्या आतच ठेवावी. युरोपीय संघाने २०१९ पासून ३० टक्क्यांची मर्यादा लावली, अमेरिकेने २०१७ च्या कायद्यात तीच आणली. आणि कोविडचं संकट आल्यावर मार्च २०२० मध्ये अमेरिकेने २०१९ आणि २०२० या वर्षांसाठी ती ५० टक्के केली! म्हणजे ज्यांनी कर्जाचा डोंगर उभा केला होता, त्यांनाच जास्त सूट.

त्याच वसंतात उलट टोकाचा एक प्रयोगही झाला. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कने जाहीर केलं की करनंदनवनात, म्हणजे कर जवळजवळ नसलेल्या ठिकाणी, नोंदलेल्या कंपन्यांना सरकारी मदत मिळणार नाही. पोलंड आणि फ्रान्सनेही तशीच भाषा केली, आणि जुलैमध्ये युरोपीय आयोगाने सगळ्या सदस्य देशांना तशी शिफारस केली. बातम्या झकास झाल्या. पण करनंदनवन कोणतं हे ठरणार होतं युरोपीय संघाच्या काळ्या यादीवरून, आणि त्या यादीत संघाचे स्वतःचे सदस्य येतच नाहीत. आयर्लंड, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स हे तिघंही सुटले. केमन बेटं त्या फेब्रुवारीत यादीत आली होती, ऑक्टोबरमध्ये बाहेरही पडली.

पत्त्यावरून चाळणी लावायची तर ती एक तर इतकी सैल निघते की सगळे सुटतात, नाही तर इतकी घट्ट की कोणीच उरत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, जीएओने, डिसेंबर २००८ मध्ये मोजलं होतं: तिथल्या १०० सर्वात मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांपैकी ८३ कंपन्यांच्या उपकंपन्या करनंदनवनांत किंवा आर्थिक गोपनीयता पाळणाऱ्या ठिकाणी होत्या. एकट्या सिटीग्रुपच्या ४२७. याच सिटीग्रुप बँकेत सरकारने २००८ च्या आर्थिक संकटात, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, ४५ अब्ज डॉलर घातले होते. तेव्हा डॅनिश नियम कडक लावला असता तर ज्या बँका कोसळल्याने सगळ्यांचेच पैसे अडकले असते, त्यांनाच हात लावता आला नसता.

अर्थात, कंपनी मोठी आहे म्हणून ती बुडू देता येत नाही, हेही दर वेळी खरं नसतं. क्रूझ जहाजांच्या कंपन्या घ्या. २०२० मध्ये कार्निव्हल पनामात नोंदलेली होती, रॉयल कॅरिबियन लायबेरियात, नॉर्वेजियन बर्म्युडात. प्रवासी मुख्यतः अमेरिकी, कर मात्र नगण्य. २०२० च्या अमेरिकी मदतनिधीची अट होती की कंपनी अमेरिकेत स्थापन झालेली असावी आणि तिचे बहुसंख्य कर्मचारी तिथलेच असावेत. या कंपन्या बाहेर राहिल्या. मग कार्निव्हलने ११.५ टक्के व्याजाने रोखे विकून बाजारातून ४ अब्ज डॉलर उभे केले. महाग पडलं, पण कंपनी तरली. व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीचंही थोडं तसंच. तिचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ब्रिटिश सरकारकडे मदत मागताना तारण म्हणून स्वतःचं नेकर बेट देऊ केलं. सरकारने त्यांना हवी होती तशी खास मदत दिली नाही, आणि त्याच वर्षी खासगी पैशातून १.२ अब्ज पौंडांची योजना उभी राहिली. (तिथे एक गल्लतही झाली. ब्रॅन्सन राहतात ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर, कंपनी ब्रिटनमधली. मालकाचा कर आणि कंपनीचा कर हे दोन वेगळे हिशेब आहेत.) हजारो नोकऱ्या गेल्या, हेही नोंदवायला हवं.

ज्यावर सर्वात कमी बोललं जातं ती गोष्ट मदतीनंतर घडते. एआयजी ही विमा कंपनी सप्टेंबर २००८ मध्ये ८५ अब्ज डॉलरच्या सरकारी कर्जावर वाचली, पुढे एकूण तरतूद सुमारे १८२ अब्जांवर गेली. सरकारच बहुतांश मालक असताना, २००९ मध्ये, याच कंपनीने १९९७ सालचे ३०६ दशलक्ष डॉलर परत मिळावेत म्हणून अमेरिकी सरकारवर करपरताव्याचा दावा ठोकला. ही तर फोडणीच होती. साधारण नियम असा आहे की कंपनीची मालकी मोठ्या प्रमाणात बदलली तर जुना तोटा पुढच्या नफ्यातून वजा करण्यावर मर्यादा येते. अमेरिकी अर्थखात्याने सरकारी मालकीच्या बाबतीत हा नियम सूचना काढून बाजूला ठेवला. परिणाम? २०११ च्या शेवटच्या तिमाहीत एआयजीने १९.८ अब्ज डॉलर नफा दाखवला, त्यातले १७.७ अब्ज करलाभाचे. जनरल मोटर्सलाही अशीच सवलत मिळाली. एआयजीच्या मदतीवर आपल्याला २२.७ अब्ज डॉलर फायदा झाला असं सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलं, पण पुढच्या वर्षांत न येणारा कर त्या हिशेबात धरलेला नाही. कर टाळण्याची चिंता असेल तर माझ्या मते पहिली अट हीच हवी: जनतेने भरून काढलेला तोटा कंपनीने पुन्हा करातून वजा करायचा नाही.

दुसरी अट, मदतीच्या बदल्यात हिस्सा. २०२० मध्ये जर्मनीने लुफ्थान्झा या विमान कंपनीला ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं, त्यात २.५६ युरो भावाने २० टक्के समभाग घेतले, लाभांश थांबवला आणि वरिष्ठांच्या मानधनावर बंधनं घातली. सर्वात मोठे खासगी भागधारक हाइन्झ हेर्मान थिले आधी भडकले होते, कारण त्यांचा हिस्सा पातळ होत होता. मला तर ते भडकणंच अटीचं प्रमाणपत्र वाटतं. सप्टेंबर २०२२ पर्यंत सरकारने समभाग विकले आणि ७६० दशलक्ष युरो कमावले. लुफ्थान्झाच्याही उपकंपन्या माल्टात होत्या आणि त्यावरून टीका झाली होती. मालकांनी किंमत मोजली, विमानं उडत राहिली.

तिसरी अट कागदाची. ७५० दशलक्ष युरोंहून जास्त उलाढाल असलेले समूह कोणत्या देशात किती विक्री, किती नफा, किती कर, याचा देशवार अहवाल करखात्याला देतात. करखात्याकडचा तो अहवाल सहसा गोपनीय असतो. मदत मागायची तर तो आधी जाहीर करा, म्हणजे बेटावरच्या तिजोरीत काय आहे ते दिसेल, आणि तिथला पैसा आधी आणा, मग आमचा.

कामगारांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांच्यासाठी कंपनीच्या चारित्र्याची चौकशी करायची गरजच नाही. ब्रिटनने २०२० मध्ये घरी बसवलेल्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला कमाल २,५०० पौंड, सरकारी तिजोरीतून दिला. या लोकांचा कर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो. बेटावर उपकंपनी काढायची सोय त्यांना नसते.

या अटी घालायच्या कधी, हीच खरी अडचण आहे. बँकांसाठी युरोपीय संघात २०१६ पासून लिखित नियम आहे: सरकारी पैसा लागण्याआधी भागधारक आणि धनकोंकडून, म्हणजे बँकेला पैसे देणाऱ्यांकडून, एकूण देण्यांच्या किमान ८ टक्के तोटा वसूल व्हायला हवा.  विमान, जहाज किंवा मोटार कंपन्यांसाठी अशी ठरलेली टक्केवारी सहसा नसते, त्यामुळे वाटाघाट सुरू होते ती कंपनीकडे पुढच्या महिन्याच्या पगाराचे पैसे उरलेले नसताना.