त्रिनिदाद आणि बार्बाडोस: शेजारी असूनही इतके वेगळे का?

प्रश्न: त्रिनिदाद आणि बार्बाडोस, दोन्ही वेस्ट इंडिजमधले, दोन्ही इंग्रजांच्या वसाहती, दोन्हीकडे ऊस आणि गुलामगिरी. मग एका देशात एवढे भारतीय वंशाचे लोक आणि दुसऱ्यात जवळजवळ नाहीतच, एक तेल-वायूवर जगतो आणि दुसरा पर्यटकांवर, असं का? राहायला जायचं तर कुठे जावं?

उत्तर: एका शब्दात सांगायचं तर जमीन. 1838 साली गुलाम मुक्त झाले तेव्हा एका बेटावर रिकामी जमीन शिल्लक होती, दुसऱ्यावर नव्हती. बाकीचं बरंचसं त्यातून आलंय. पॉइंट लिसासच्या अमोनिया प्रकल्पांमध्ये मी काही वर्षं काम केलं, मुक्काम त्रिनिदादला आणि सुट्टीत बार्बाडोसला जाणं, असं होतं. त्यामुळे माझा कल थोडा त्रिनिदादकडे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

बार्बाडोस अवघा 431 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईहूनही लहान. इंग्रज तिथे 1627 ला उतरले ते थेट 1966 पर्यंत. मध्ये ना स्पॅनिश आले, ना फ्रेंच. कॅरिबियनमध्ये बेटं पत्त्यांसारखी या हातातून त्या हातात गेली, त्यात हे एकच घर कायम राहिलं असं म्हटलं तरी चालेल. त्यांची विधिमंडळाची परंपरा 1639 पासूनची आहे आणि लोकांना तिचा अभिमान आहे. पण त्याच विधिमंडळाने 1661 ला गुलामांविषयीचा तो भयंकर कायदा केला, ज्याची नक्कल पुढे जमैकाने आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने केली. 1640 च्या दशकात ऊस आला आणि काही दशकांतच बेटावरचं जंगल जवळपास संपलं. जिकडे पाहावं तिकडे ऊस.

त्रिनिदादचं उलट. कोलंबस 1498 ला तिथे पोचला खरा, पण स्पेनने पुढची तीनेकशे वर्षं या बेटाकडे लक्षच दिलं नाही. 1783 ला त्यांनी एक फर्मान काढून कॅथलिक मळेवाल्यांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा आजूबाजूच्या बेटांवरचे फ्रेंच आपापले गुलाम घेऊन आले. 1797 ला इंग्रजांनी बेट घेतलं आणि 1807 ला इंग्रजी साम्राज्यात गुलामांचा व्यापार बंद झाला. म्हणजे नवे गुलाम आणून सगळं बेट उसाखाली आणायला इंग्रजांना जेमतेम दहा वर्षं मिळाली. जंगल तसंच राहिलं.

आता 1838 कडे या. गुलाम पूर्णपणे मुक्त झाले. बार्बाडोसमध्ये मुक्त होऊन जायचं कुठे? वीतभर जमीनसुद्धा मळेवाल्यांच्या नावावर. तेव्हा त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे, तुटपुंज्या मजुरीवर काम. राहायला मालकाच्या जमिनीवर जागा मिळे, पण मालकाने हाकललं तर घर उचलून न्यावं लागे. म्हणून तिथे लाकडी घरं बांधली जात, पायाला नुसते दगड रचलेले, फळ्या सुट्या करून गाडीवर लादता येतील अशी. त्यांना ‘चॅटल हाउस’ म्हणतात. आज त्यांना गुलाबी-पिवळे रंग देऊन आत स्मृतिचिन्हांची दुकानं थाटली आहेत आणि पर्यटक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मला ते पाहून दर वेळी जरा विचित्र वाटायचं.

त्रिनिदादमध्ये मुक्त झालेल्यांनी मळे सोडले, मोकळ्या जागा धरल्या, किंवा राहिले ते चांगली मजुरी मागू लागले. मळेवाल्यांनी लंडनकडे रडगाणं गायलं आणि 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसं अशी कराराने आली. बहुतेक जहाजं कलकत्त्याहून सुटत, काही मद्रासहून. लोक मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. मॉरिशसला जसे मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले, तसे इथे आले नाहीत, त्यामुळे मराठी खुणा शोधत बसू नका. काही काळ तर परतीच्या भाड्याऐवजी जमीन देण्याची सोय होती. पुन्हा जमीनच. ती होती म्हणून देता आली, आणि मिळाली म्हणून माणसं राहिली. बार्बाडोसला मजूर आणायची गरजच पडली नाही. उलट तिथली हजारो माणसं पनामा कालवा खणायला गेली आणि त्यांच्या पैशातून घरच्यांनी पहिल्यांदा जमिनीचे तुकडे विकत घेतले. बार्बाडोसला भारतीय अजिबात नाहीत असं नाही: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाली आणि नंतर गुजराती मुसलमान दारोदार कपडा विकायला आले, मागून सिंधी व्यापारी आले. पण ती मूठभर दुकानदार मंडळी.

त्रिनिदादच्या 2011 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34 टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास 23 टक्के होते. दिवाळी, ईद आणि 30 मेचा ‘आगमन दिन’ या सरकारी सुट्ट्या. चगुआनासला दिवाळी नगर भरतं. कारापिचैमाला दत्तात्रेयाचं देऊळ आहे, समोर 85 फुटी हनुमान. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे, आणि त्याची गोष्ट या उत्तरात बसतेच. सिवदास साधू नावाच्या एका मजुराने 1940 च्या दशकात किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडलं आणि साधूला तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची तर समुद्रात बांधतो. आणि वर्षानुवर्षं दगड-माती वाहून त्याने ते भरतीच्या पाण्यात उभं केलं.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ खायचे: हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना ‘बारा’ म्हणतात), मध्ये चणे, वर चिंचेची चटणी आणि जीभ पोळेल अशी मिरची. दालपुरी म्हणजे पुरणपोळीच, फक्त आतली डाळ गोड नाही. बार्बाडोसचं राष्ट्रीय जेवण कुकू (मक्याच्या पिठाचा भेंडी घातलेला गोळा) आणि उडणारा मासा. चवीला बरं आहे. एवढंच म्हणतो.

सगळे मिळून-मिसळून राहतात असं मात्र समजू नका. मतदान बहुतांशी वंशावर होतं. पीएनएम आफ्रिकी वंशीयांचा पक्ष मानला जातो, यूएनसी भारतीय वंशीयांचा. बासदेव पांडे 1995 ला भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. 2010 ते 2015 या काळात पंतप्रधान राहिलेल्या कमला प्रसाद-बिसेसर 2025 ला पुन्हा निवडून आल्या. निवडणुका जवळ आल्या की कार्यालयात लोक एकमेकांशी जपून बोलायला लागतात, हे मी पाहिलंय. बार्बाडोसमध्ये अशी फळी नाही, कारण 90 टक्क्यांहून जास्त लोक आफ्रिकी वंशाचे आहेत. 2018 ला मिया मॉटली यांच्या पक्षाने तीसच्या तीस जागा जिंकल्या आणि 2022 ला पुन्हा तीसच्या तीस. त्रिनिदादमध्ये हे स्वप्नातसुद्धा शक्य नाही. बार्बाडोसमध्ये दरी वर्गाची आहे: मूठभर गोऱ्या घराण्यांकडे पिढ्यानपिढ्या जमीन आणि व्यापार राहिला, आणि त्याविषयी लोक हळू आवाजात बोलतात. ‘लिटल इंग्लंड’ हे जुनं बिरुद आता मिरवावंसं वाटत नाही. 2020 ला राजधानी ब्रिजटाउनमधला इंग्रज नौसेनानी नेल्सनचा पुतळा हलवला आणि 30 नोव्हेंबर 2021 ला देश प्रजासत्ताक झाला. त्याच सोहळ्यात गायिका रिहानाला राष्ट्रवीर जाहीर केलं. त्रिनिदादने राणीला 1976 मध्येच निरोप दिला होता.

आता पैशाकडे. त्रिनिदाद म्हणजे व्हेनेझुएलाचाच सुटलेला तुकडा, मध्ये समुद्र जेमतेम 11 किलोमीटर. त्यामुळे पोटात तेल आणि वायू. ला ब्रेआला डांबराचं नैसर्गिक तळं आहे, जगातलं सर्वांत मोठं, त्यावरून चालता येतं. तेलाचं व्यापारी उत्पादन 1908 च्या सुमारास सुरू झालं, 1970 च्या दशकात तेलाच्या भावाने देश श्रीमंत झाला, 1980 च्या दशकात भाव पडले तसा आपटला. मग वायूचा जमाना आला: पॉइंट लिसासला अमोनिया-मिथेनॉल, 1999 पासून पॉइंट फॉर्टिनहून द्रवरूप वायूची निर्यात. 2003 ला सरकारी साखर कंपनी बंद झाली तेव्हा फार हळहळ झाली, पण देश बुडाला नाही. 2018 ला तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला, तो मात्र वर्मी लागला. वायूचं उत्पादन 2010 च्या आसपास शिखरावर होतं, तेव्हापासून उतार आहे. त्याचा चटका सामान्य माणसाला बसतो तो बँकेत. पगार भरपूर, पण अमेरिकी डॉलर मागायला गेलं की ‘पुढच्या आठवड्यात या’. घरी पैसे पाठवताना मी यात बराच जीव आटवलाय.

बार्बाडोसकडे तेल नावापुरतं. ऊस ओसरल्यावर त्यांनी पर्यटन आणि परदेशी कंपन्यांची कार्यालयं यांवर संसार उभा केला. त्यासाठी शिकलेली माणसं लागतात आणि हे काम त्यांनी आधीच केलं होतं. एरल बॅरो यांच्या सरकारने 1962 ला माध्यमिक शिक्षण मोफत केलं. त्यांचे दोन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा भाव 1975 पासून हललेला नाही. पण तो टिकवायला कर्ज काढावं लागतं. 2018 ला कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दीडपटीवर गेलं, परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले आणि नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. एक फरक छतावरच दिसतो. बार्बाडोसमध्ये 1970 च्या दशकापासून घरोघरी सौरबंब, कारण इंधन महाग. वीज स्वस्त असलेल्या त्रिनिदादमध्ये एसी लावून खिडकी उघडी ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

हे दोघे एकदा एका देशात नांदायला निघाले होते. 1958 ला वेस्ट इंडिज महासंघ झाला: राजधानी त्रिनिदादमध्ये, पंतप्रधान बार्बाडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स. 1961 ला जमैकाने जनमत घेऊन अंग काढलं. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की शून्य उरतं, आणि 1962 ला सगळं मोडलं. आता एकत्र उरलं ते क्रिकेट आणि विद्यापीठ. पुढे त्रिनिदादच्या पैशाने बार्बाडोसमधल्या बँका-कंपन्या विकत घेतल्या आणि 2009 ला त्रिनिदादचा एक मोठा विमा समूह बसला तेव्हा बार्बाडोसच्या पेन्शनरांचे पैसेही अडकले. ही सल अजून आहे. माशांवरूनही भांडण झालं. उडणारे मासे त्रिनिदादच्याच देशातल्या टोबॅगो बेटाच्या पाण्यात सरकले, बार्बाडोसचे मच्छीमार मागोमाग गेले, त्यांना अटक झाली. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं आणि 2006 ला निकाल लागला: सागरी हद्द ठरली, मासेमारीचा हक्क बार्बाडोसला मिळाला नाही, तो वाटाघाटींवर सोडला.

क्रिकेट म्हणाल तर बार्बाडोसच्या एवढ्याशा मातीने वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, सोबर्स, मार्शल दिले. त्रिनिदादने कॉन्स्टंटाइन, रामाधीन, लारा. आपल्याला मात्र पोर्ट ऑफ स्पेन लाभतं: 1971 ला गावसकरांचं पदार्पण आणि 124 व 220, 1976 ला 403 चा पाठलाग, आणि स्टँडमध्ये आपल्या बाजूने ओरडणारे लोक. ब्रिजटाउनला 1962 ला आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला (रक्त देणाऱ्यांत वॉरेल होते, आपले नाडकर्णी-बोर्डेही), 1997 ला 120 धावा करताना आपण 81 वर संपलो. 2024 चा ट्वेंटी-20 विश्वचषक तिथेच जिंकला, तेव्हा कुठे जरा हिशेब फिटला.

राहायचं म्हणता, तर तेल-वायू किंवा रसायनांत काम असेल तर त्रिनिदाद. देऊळ, रोटी, कार्निव्हल, ओळखीचे चेहरे सगळं मिळेल. पण 2024 मध्ये तिथे 600 हून जास्त खून झाले आणि वर्षअखेरीस आणीबाणी लागली. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री कुठे जायचं नाही हे पहिल्याच आठवड्यात स्थानिकाला विचारून घ्या. लहान मुलं असतील, काम घरून होत असेल आणि खिशात पैसा असेल तर बार्बाडोस. शांत, नीटनेटकं, संध्याकाळी सहकुटुंब समुद्रावर जाता येतं. दुकानात कांदा-बटाट्याचा भाव पाहून दचकाल. मसाले तेवढे येताना घेऊन या.