मिनीडीव्ही टेपवरचे चित्रण संगणकावर कसे घ्यावे?

प्रश्न : मुलीच्या बारशाच्या, २००३ सालच्या दोन मिनीडीव्ही टेप माझ्याकडे आहेत. कॅमेरा चालू आहे. परंतु यूएसबी केबल जोडल्यावर संगणकावर केवळ मेमरी कार्डावरील फोटो दिसतात. चित्रण कसे मिळवावे?

उत्तर : आपल्या केबलमध्ये दोष नसावा. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत यूएसबीची सोय मुख्यतः फोटोंसाठी असे. टेपवरचे चित्रण मात्र ‘डीव्ही’ असे लिहिलेल्या चार पिनांच्या बारीक खाचेतून, म्हणजेच ‘फायरवायर’ या जुन्या प्रकारच्या केबल-जोडणीने, बाहेर येते. हल्लीच्या लॅपटॉपला ही खाच नसल्यामुळे डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. फायरवायरचे टोक यूएसबीत बसवणाऱ्या स्वस्त जोडण्यांवर कृपया पैसे घालवू नका.

टेपवरील नोंद मुळातच डिजिटल असल्याने नक्कल करताना दर्जा घटत नाही. तासाभराच्या टेपला तासभरच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा व्यापली जाते. त्यापूर्वी टेपच्या खिडकीतून नीट पाहावे. गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके दिसले, तर ती पावसाळी दमटपणाने आलेली बुरशी असू शकते. अशी टेप कॅमेऱ्यात घातल्यास हेड (टेप वाचणारा भाग) खराब होऊ शकते, म्हणून ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. नातेवाइकांना पाठवण्यासाठी लहान एमपी४ फाइल अवश्य करावी, पण मूळ डीव्ही फाइल पुसू नये.