प्रेमात पडलेल्या दोघांची भाषा वेगळी असेल तर सुरुवातीला एवढंच करा
घाबरू नका, हे जमतं. व्याकरण नंतर बघू.

आधी 'कळलं नाही', 'पुन्हा सांग', 'हळू बोल' ही वाक्यं एकमेकांच्या भाषेत पाठ करा. दोघांनीही, कारण एकट्यानेच शिकायचं ठरलं की तो लवकर थकतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे न कळताही हसून मान डोलावणं. समोरच्याला तो होकार वाटतो, आणि बल्गेरियात तर मान हलवण्याचे अर्थच उलटे!

- भाषांतराच्या ॲपमध्ये छोटी, पूर्ण वाक्यं टाका. म्हणी, टोमणे नकोत. पाठवण्याआधी आलेलं भाषांतर पुन्हा आपल्या भाषेत करून बघा.
- भांडण मेसेजवर नको, चेहरा दिसलाच पाहिजे.

लग्न, पैसा, मुलं हे विषय निघाले की मात्र दोन्ही भाषा येणारा विश्वासातला माणूस सोबत घ्या.