पहिली मीटिंग पटली नाही, आता कुठे जाऊ?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्याला सात आठवडे झाले आणि अजून दारूला हात लावलेला नाही. केंद्रात सांगितल्याप्रमाणे एका रविवारी सकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला गेलो. बहुतेक जण इंग्रजीत बोलत होते. शेवटी सर्वांनी प्रार्थना म्हटली. मी देव मानत नाही. भरीस भर म्हणून मुलाच्या वर्गमित्राचे वडील समोर बसलेले दिसले. पुन्हा गेलो नाही. दिवस कसाबसा जातो, पण संध्याकाळी सात ते नऊ फार जड जातात. माझ्यासारख्याने योग्य गट कसा शोधावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातील सात ते नऊचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. गट निवडताना लोक आधी तिथली माणसे पाहतात. तुम्ही आधी घड्याळ पाहा. ज्या वेळी पाय आपोआप परमिट रूमकडे वळत, त्याच वेळी भरणारी आणि शक्यतो कामावरून घरी परतण्याच्या वाटेवर असणारी मीटिंग तुम्हाला रविवार सकाळच्या मीटिंगपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल. एकाच गटाला बांधून घेण्याची गरज नाही, कारण इथे सभासदत्वाची नोंदवही नसते. सोमवारी एका गटात आणि गुरुवारी दुसऱ्या गटात जाणारे पुष्कळ आहेत. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करण्याचा सल्ला नव्या माणसाला अनेकदा मिळतो, पण जिथे आठवड्याला एखादीच मीटिंग भरते तिथे हे गणित जमणार नाही. मधल्या दिवसांसाठी ऑनलाइन मीटिंग जरूर करावी; मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण मोबाइलच्या पडद्यातून तोंडाचा वास येत नाही, आणि ही सोय किती धोक्याची असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट भाषेची. बाटली पाण्याच्या टाकीमागे लपवली होती किंवा मुलाच्या फीचे पैसे उडवले होते, हे माणूस ज्या भाषेत घरी भांडतो त्याच भाषेत खरेपणाने सांगू शकतो. राज्यात मराठीतून चालणारे गट आहेत, तेव्हा फोनवर चौकशी करतानाच भाषा विचारून घ्यावी.

देवाविषयीची तुमची अडचण मोठी वाटली तरी वाट अडवणारी नाही. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी शेअर बाजारात काम केलेला एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघांचाही तेव्हाच्या एका ख्रिस्ती धर्मचळवळीशी संबंध होता, त्यामुळे दारूतून बाहेर पडण्यासाठी तिने सांगितलेल्या बारा पायऱ्यांच्या भाषेवर ती छाया राहिली आहे. तरीही देव ‘आम्हाला समजला तसा’ असेच शब्द तिथे आहेत, आणि सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. समोर बसलेला गटच आपली उच्चशक्ती, म्हणजे आपल्याहून मोठा आधार, असे मानून वर्षानुवर्षे सोबर राहिलेले नास्तिक आहेत. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही गप्प उभे राहिलात तर चालते. एखाद्या गटात विशिष्ट देवाचा किंवा बाबांचा आग्रहच सुरू झाला, तर खुशाल गट बदलावा.

वर्गमित्राच्या वडिलांचे म्हणाल, तर ते बहुधा तुमच्याच कारणासाठी आले असतील आणि तुम्हाला पाहून तेही तितकेच दचकले असतील. मीटिंग बंद आहे की खुली, हे मात्र आधी विचारावे : बंद मीटिंगला ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे तेच येतात, तर खुल्या मीटिंगला नातेवाईक, डॉक्टर किंवा विद्यार्थीही येऊ शकतात. तरीही धाकधूक वाटत असेल, तर सुरुवातीचे काही महिने शहराच्या दुसऱ्या टोकाचा गट धरा.

एका बैठकीवरून मात्र कोणताही गट नापास करू नका. सलग पाच-सहा वेळा जा, दहा मिनिटे आधी पोहोचा आणि संपल्यावर चहासाठी थांबा, कारण रात्री नऊला तलफ आली तर ज्याला फोन करता येईल असा माणूस बहुतेक वेळा त्या चहाच्या वेळीच भेटतो. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा गटातला जुना सभासद, निवडण्याची घाई नको. जिथे फी मागितली जाते किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितले जाते, तिथून उठून यावे. पिशवी फिरते, पण तीत पैसे टाकणे ऐच्छिक असते. पुन्हा पिणे सुरू झालेच आणि ते रोजचे झाले, तर एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून आधी डॉक्टरांना गाठावे.

प्रश्न : माझे पती मीटिंगला जायला तयार नाहीत. त्यांच्याऐवजी मी गेले तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खुल्या मीटिंगला तुम्ही अवश्य जाऊ शकता, मात्र त्यांच्याऐवजी म्हणून न जाता स्वतःसाठी जा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. तिची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि संस्थापकांपैकी एक, लोइस, या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या एका संस्थापकाच्या पत्नी होत्या. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला जातो. पतीने दारू सोडलेली नसली तरी पत्नी अल-अनॉनला जाऊ शकते. जवळपास काय उपलब्ध आहे, हे १४४४६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येईल. फोन करताना पतीचे नाव सांगण्याची गरज नाही.