इशापूर २ए१ घेताय? बिलांचा घोळ आधी मिटवा, गोळी मग उडवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ग्रीन कार्ड हातात, ओहायोत नुकतंच बस्तान हलवलंय, ऑनलाइन स्वस्तात इशापूर २ए१ ही जुनी भारतीय लष्करी रायफल मिळाली, पैसे भरून झाले, रायफल डीलरकडे येऊन पडलीय आणि काउंटरवरचा माणूस तीन महिन्यांची विजेची बिलं मागतोय. शिवाय तुम्ही विचारलंय की .३०८ ची हंटिंगची काडतुसं हिच्यात चालतील का आणि पहिल्यांदा उडवताना काय बघायचं. हे जवळजवळ जसंच्या तसं मी टेक्सासमध्ये भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी वकील नाही, गनस्मिथही (बंदुका तपासणारा-दुरुस्त करणारा कारागीर) नाही. फेडरल नियमांबद्दल जे लिहितोय ते माझ्या अनुभवातलं आणि मूळ नियम वाचून समजलेलं. राज्याचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत आधी पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र). तुमच्या राज्याचं तुम्ही तपासा.

बिलांच्या आधी एक काम आजच करा. विक्रेत्याने दिलेली, रायफल तपासून परत करायची मुदत कधी संपते ते बघा. जुन्या रायफली ऑनलाइन विकणारे बहुतेक जण तीन दिवस देतात, तेही गोळी न उडवता, आणि ते दिवस रायफल डीलरकडे पोचली की सुरू होतात. तुमच्या हातात कधी आली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. विक्रेत्याला ताबडतोब लिहा की डीलरकडे कागदांवरून अडलंय, मुदत थांबवा. लेखी उत्तर घ्या. फोनवर नको.

माझं घोडं नेमकं इथेच पेंड खायला लागलं. काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं असं की परदेशी नागरिकाने सलग ९० दिवस राज्यात राहिल्याचा पुरावा द्यायचा, आणि तो वीज-पाण्याच्या बिलांनीच द्यायचा. ९० दिवसांचा नियम पूर्वी खरंच होता. २०१२ मध्ये एटीएफने (बंदुकांचे नियम बघणारं फेडरल खातं) तो काढून टाकला. तेव्हापासून नागरिक असो वा ग्रीन कार्डवाला, ‘राज्याचा रहिवासी’ ही व्याख्या दोघांना सारखीच: तिथे राहायच्या इराद्याने तुम्ही तिथे आहात, बस्स. बंदूक घेताना भरायच्या फेडरल फॉर्म ४४७३ वर तुमचं नागरिकत्व कुठलं ते लिहायचं, ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर टाकायचा, आणि चालू पत्त्याचं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवायचं. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर सोबत नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद चालतो, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन. खासगी कंपनीचं वीजबिल हा सरकारी कागदच नाही, म्हणजे ते जे मागतायत त्याने हे कामही भागत नाही!

मी एटीएफच्या पानाची प्रिंट घेऊन गेलो. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही. ‘आमच्याकडे असंच चालतं.’ आमच्या भाड्यात वीज-पाणी धरलेलं होतं, त्यामुळे माझ्या नावावर बिलच नव्हतं. मालकाचं पत्र नेलं, ते नको. बँकेचं स्टेटमेंट नेलं, ते नको. रायफल आत कपाटात, तिच्यावर रोजचं साठवणभाडं चढतंय, आणि मला ती काउंटरवर बघूही देत नव्हते, का तर ‘ट्रान्स्फर झालेली नाही’. असा कुठलाही कायदा नाही. दुकानात, त्यांच्या नजरेसमोर रायफल हाताळून बघायला फॉर्म लागत नाही; लोक रोज शोकेसमधल्या बंदुका हातात घेऊन बघतात की. नियम बदलल्याला वर्षं उलटली तरी ज्याच्या हातात शिक्का आहे त्याने तो वाचायचा नाही, आणि भुर्दंड समोरच्याने भरायचा, याचा राग मला अजूनही येतो. आडनाव आणि उच्चार ऐकून कागद वाढतात की काय हा संशयही माझ्या मनातून गेलेला नाही, पण तो सिद्ध करता येणार नाही.

शेवटी दुसऱ्या डीलरकडे पाठवून घेतली. तुम्हीही तेच करा असं माझं स्पष्ट मत आहे. डीलरला साधारणपणे विक्री नाकारता येते, त्यामुळे भांडून हाती काही लागत नाही. पण एक परवानाधारक डीलर दुसऱ्याला थेट पाठवू शकतो. शिपिंगचे पैसे जातील, जाऊ द्या. नव्या डीलरला आधीच ईमेलवर दोन प्रश्न विचारा: ग्रीन कार्डवर ट्रान्स्फर करता का, आणि माल आल्याआल्या काउंटरवर बोल्ट (काडतूस आत सारून मागून बंद करणारा सरकता भाग) काढून बघू द्याल का. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं तर आणखी वेगळा डीलर शोधा. फॉर्मवर नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीत ‘डिले’ आला की कामकाजाचे तीन दिवसही जाऊ शकतात.

मुदतीवर मी एवढा भर का देतोय ते आता सांगतो. रायफल हातात आली तेव्हा विक्रेत्याची मुदत कधीच संपली होती. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर घासून त्यावर दुसरा ठोकलेला. भिंगातून बघितलं तर नव्या आकड्यांच्या कडा धारदार आणि खाली जुन्या आकड्यांची पुसट वळणं दिसत होती. गनस्मिथने चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) मापाचा गेज लावला तर ज्या ‘नो-गो’ मापावर बोल्ट अडायला हवा, तिथेही तो लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. विक्रेता म्हणाला मुदत संपली, पहिला डीलर म्हणाला आमचा संबंध नाही. दुरुस्तीला रायफलच्या किमतीपेक्षा जास्त गेले.

म्हणून काउंटरवरच हे बघा. उजव्या बाजूला, बटच्या सॉकेटवर (लाकडी दस्ता जिथे बसतो ती धातूची जागा) ‘आरएफआय’ म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, रायफल ७.६२ एमएम २ए१ आणि वर्ष असतं. बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) नंबर एकच हवा. मॅगझिन चौकोनी, १२ गोळ्यांचं. ही जुन्या .३०३ मध्ये फेरफार करून केलेली रायफल आहे असं कोणी सांगितलं तर त्याचं बाकीचंही ऐकू नका. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात ही ७.६२ साठी, अधिक चांगल्या पोलादात नवी बनवली गेली. ठेवण मात्र जुन्या एसएमएलईची (ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल), म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३ ची सख्खी बहीण. आधीच्या २ए ला २००० पर्यंतची साइट (नेम धरायची पट्टी) होती, २ए१ ला ८०० मीटरची. पुढचं लाकूड जिथे रिसीव्हरला टेकून धक्का घेतं तिथे आतून तडे गेलेत का ते बघा. वरून तेल चोपडलेलं असतं, तडा झाकला जातो.

आता हेडस्पेस. बोल्ट बंद असताना बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकतं तिथवरचं अंतर. .३०८ चे गेज मिळतात: गो १.६३० इंच, नो-गो १.६३४, फील्ड १.६३८. एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) काढून, बोल्ट दोन बोटांच्या जोराने बंद करून बघायचा. गोवर बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. फील्डवरही झाला तर ती रायफल उडवायची नाही, विषय संपला. लष्करी मोजमापात थोडी जास्त ढील चालते असं कोणी ना कोणी सांगेलच. चालत असेल, तुमचा डोळा त्या बोल्टच्या मागे असणार आहे. याच ली-एनफिल्ड कुळातल्या नंतरच्या नंबर ४ रायफलच्या बोल्टहेडवर (बोल्टचं सुटं तोंड) ० ते ३ असे आकडे असतात, बदलणं सोपं. हिच्या बोल्टहेडवर तसे आकडे नाहीत, गनस्मिथला एकेक लावून बघत बसावं लागतं. माझे पैसे गेले ते याच्यातच. गनस्मिथ गेज न दाखवता नुसतं ‘ओके’ म्हणत असेल तर उठून या.

काडतुसांबद्दल: .३०८ विंचेस्टर आणि ७.६२ नाटो आत जायला दोन्ही जातात. .३०८ ची कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय, ७.६२ चा जो ५०,००० चा आकडा नेटवर फिरतो तो तांब्याचा तुकडा किती चेपतो त्यावरून मोजायच्या जुन्या पद्धतीचा, म्हणून फरक दिसतो तेवढा मोठा नाही. तरीही मी हिच्यात फक्त १४७ ग्रेनचा नाटो बॉल (साधं लष्करी काडतूस) वापरतो. कारण असं की या बोल्टचे लग (त्याला अडवून धरणारे खुंट) मागच्या बाजूला आहेत. दाब आला की बोल्टचा दांडा किंचित दबतो आणि तेवढी पितळी केस (काडतुसाचं टरफल) ताणली जाते. हंटिंगची जोरकस काडतुसं हिच्यात घालायची गरजच काय? जुना सरप्लस दारूगोळाही टाळा, कितीही स्वस्त असो. तळावर आपल्या वरणगावच्या कारखान्याचा शिक्का बघून ऊर भरून येईल, मलाही आला होता, पण दशकानुदशकं कुठल्या उन्हात पडून होता ते कोणाला ठाऊक. लोहचुंबक सोबत ठेवा. गोळी चिकटली तर बऱ्याच इनडोअर रेंजवर ती चालत नाही.

पहिली गोळी उडवण्याआधी चेंबरमधलं ग्रीस पूर्ण निघालं पाहिजे, आणि नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. मग रायफल टायरला किंवा स्लेडला (रायफल धरून ठेवणारी चौकट) घट्ट बांधा, एकच काडतूस, चापाला लांब दोरी, आणि तुम्ही आडोशाला. सार्वजनिक रेंजवर हे करू देत नाहीत, म्हणून गनस्मिथकडूनच करून घ्या. चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर नळी समोरच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, बोल्ट लगेच उघडू नका.

उडालेली केस हातात घेऊन बघा, सगळं तीच सांगते. प्रायमर (तळाची पेट घेणारी टोपी) बाहेर सरकलाय का, सपाट झालाय का. तळाच्या थोडं वर चकचकीत कडं आलंय का. पेपर क्लिपचं टोक वाकवून केसच्या आत घाला आणि भिंतीवरून वर ओढा. त्या कड्यापाशी टोक खड्ड्यात अडकल्यासारखं वाटलं तर केस तिथे फाटायला आलीय. थांबा आणि गनस्मिथकडे जा.

अवांतर आहे पण महत्त्वाचं. आईबाबा उन्हाळ्यात येणार म्हणून त्यांना रेंजवर नेऊन फोटो काढायचा बेत खूप जण करतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक हातात घेणं फेडरल कायद्याने मना आहे, अपवाद मोजके, त्यातला एक वैध हंटिंग लायसन्सचा. ही मनाई रेंजवरही लागू होते. इथे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांनाही हाच नियम. हंटिंग लायसन्स काढता येतं म्हणतात ते खरं आहे, पण ग्रीन कार्डाची रांग लागलेली असताना मी तरी वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही.

आज विक्रेत्याला ईमेल टाका. आणि जमलं तर बोल्टवरच्या नंबरचा जवळून फोटो इथे द्या, घासलेला आहे का ते बघून सांगतो.