नाशिकचं गंगापूर धरण भरण्याआधीच महापालिका पाणी का सोडत नाही? दुकानात पाणी शिरलं तर जबाबदार कोण?

गंगापूर धरणाचे दरवाजे महापालिकेच्या हातात नाहीत. ते जलसंपदा विभाग चालवतो, महापालिकेकडे आहे ते पिण्याच्या पाण्याचं आरक्षण. त्यामुळे विसर्गाबद्दलची तक्रार महापालिकेत देऊन उपयोग नाही.

धरणात आधी जागा मोकळी ठेवण्याचा नियम मात्र आहे. पावसाळ्यात कोणत्या तारखेला जास्तीत जास्त किती साठा ठेवायचा, हे जलाशय परिचालन आराखड्यात ठरलेलं असतं. गंगापूरचा उपयुक्त साठा साधारण 5.6 टीएमसी (अब्ज घनफूट). समजा 15 टक्के जागा मोकळी ठेवली, म्हणजे सुमारे 840 दशलक्ष घनफूट. विसर्गापेक्षा आवक 10 हजार क्युसेकने (सेकंदाला घनफूट) जास्त असेल, तर ही जागा 23 तासांत भरते. 20 हजारांनी जास्त असेल तर बारा तासांच्या आत. म्हणून खरा प्रश्न धरण किती टक्के भरलं हा नसून त्र्यंबक-अंबोलीकडे पाऊस सुरू असताना विसर्ग कधी आणि किती टप्प्यांनी वाढवला, हा आहे. उशीर झाला की शेवटी एकदम मोठा विसर्ग करावा लागतो, आणि त्याचा फटका रामकुंडापासून सायखेडा-चांदोरीपर्यंत बसतो.

‘आधी सोडलं आणि पाऊस गेला तर?’ ही अभियंत्यांची भीती खरी आहे, शहराचं वर्षभराचं पाणी त्यातच असतं. पण पावसाळ्यात सोडलेलं पाणी वाया जात नाही, ते जायकवाडीतच पोचतं. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा साठा ठरलेल्या टक्केवारीच्या खाली असला, तर वरच्या धरणांतून पाणी द्यावं लागतं.

पुराच्या दिवशी गंगापूरच्या विसर्गाच्या आकड्याबरोबर शहरातल्या होळकर पुलाखालून किती पाणी वाहतंय, तो आकडाही विचारा. आळंदी नदी आणि मधले नाले धरणाच्या खाली मिळतात, त्यामुळे पुलाखालचा आकडा बराच मोठा असू शकतो. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाही, हे लोक बघतात ते उगाच नाही.

महापालिकेची जबाबदारी इथून सुरू होते. सराफ बाजारात पाणी बहुतेक वेळा नदीकाठ ओलांडून येण्याआधी खालून येतं. गोदावरी चढली की सरस्वती नाल्याचं पाणी तुंबतं आणि चेंबरमधून उलटं वर येतं. नाल्याच्या मुखाशी एकतर्फी झडपा हव्यात, त्या गाळाने अडकू नयेत म्हणून मेअखेर साफ व्हायला हव्यात आणि साठलेलं पाणी उपसायला पंप हवेत. निळ्या पूररेषेच्या (बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्याची हद्द) आतली बांधकामं रोखणं हेही महापालिकेचंच काम. याबद्दल मात्र तिला जरूर धारेवर धरा.

नुकसान झालंच, तर चिखल काढण्यापूर्वी भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या. भिजलेला माल पंचनाम्याआधी फेकू नका, खरेदीची बिलं काढून ठेवा. तलाठ्याकडून पंचनामा करून प्रत मागा. दुकानांना मदत मिळेलच असं नाही, त्यासाठी बहुधा शासनाचा वेगळा निर्णय लागतो. म्हणून विम्यात पुराचं संरक्षण वगळलेलं नाही ना, हे आजच तपासा.

विसर्गाबद्दल शंका असेल, तर 10 रुपये शुल्क भरून जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘पूर का आला’ असं विचारू नका. त्या तारखांची तासागणिक पाणीपातळी, आवक आणि विसर्ग, दरवाजे किती उघडले त्याची नोंदवही, मंजूर परिचालन आराखडा आणि इशारा कोणाला किती वाजता दिला याची नोंद मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. आराखड्यातला त्या तारखेचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा शेजारी मांडला की चूक धरणावर झाली की नाल्यावर, ते दिसेल.