अर्धवट सोडलेलं काम फॉर्मवर लिहायचं का?

प्रश्न : ताई, परदेशात दोन वर्षं मिशनची सेवा करायला जायचं मनात आहे, फॉर्म पण आणलाय. त्यात 'आधीचा सेवेचा अनुभव' म्हणून आख्खं पान मोकळं सोडलंय आणि मी आठवडाभर त्या पानाकडे बघत बसलेय. सहा वर्षं संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवलंय, दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये पेशंटना भेटायला जायचे, एकदा पुराच्या वेळी मदत छावणीत कपड्यांचे गठ्ठे वाटले, बस. उपदेश कधीच केला नाही. व्यसनमुक्ती केंद्रातही लागले होते पण तीन महिन्यांत सोडलं, ते लिहूच नये असं वाटतंय. एवढ्याशा कामाचा तिकडे काय उपयोग?

उत्तर : अगं, एवढंसं कुठे आहे हे! आधी मेरी स्लेसरचं सांगते. स्कॉटलंडमधल्या डंडीची ही मुलगी, अकराव्या वर्षापासून गिरणीत कामाला, आणि गिरणी सुटल्यावर गरीब वस्तीतल्या मिशनमध्ये पोरांना शिकवायची. तिथल्या टवाळ पोरांनी एकदा तिला घेरलं आणि एकजण दोरीला शिसं बांधून तिच्या तोंडापुढे गरगर फिरवायला लागला, ही जागची हलली नाही, शेवटी तीच पोरं तिच्यामागे सभेला येऊन बसली असं तिच्या चरित्रांत सांगतात. १८७६ मध्ये ती आजच्या नायजेरियातल्या कालाबारला गेली, एफिक भाषा शिकली, टाकून दिलेली जुळी मुलं वाढवली, हातघाईवर आलेल्या माणसांच्या मधे जाऊन उभी राहिली. मला विचारशील तर ते उभं राहणं ती डंडीच्या गल्लीतच शिकली होती, बोटीत बसल्यावर नाही.

बायबलमधल्या पौल आणि बर्णबाचंही तेच. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखिया शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, त्यांना बाहेर सेवेला पाठवते ते सगळ्यांना पाठ असतं, पण ११ वा अध्याय काढून बघ, त्याआधी दोघांनी तिथे वर्षभर शिकवलंय आणि दुष्काळाची मदत यहूदियात नेऊन पोचवलीय. म्हणजे मंडळीने ज्यांचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनाच पाठवलं.

आता तुझं पान. 'सहा वर्षं संडे स्कूल' एवढंच लिहू नकोस, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. लहान मुलांना गोष्ट सांगताना छोटी वाक्यं, चित्रं, हातवारे, तीच गोष्ट चारदा सांगणं हे सगळं तू करतच असणार, आणि नवी भाषा तोडकीमोडकी बोलत असशील तेव्हा तुझ्याकडे नेमकं तेवढंच असेल. हॉस्पिटलमध्ये पेशंट बोलत नसतानाही गप्प बसून राहायला शिकलीस का, ते लिही. छावणीत सामान कमी पडलं आणि लोक चिडले असतील तेव्हा तू काय केलंस, तेही. कोणाच्या हाताखाली काम केलंस आणि त्यांचं पटलं नाही तेव्हा काय झालं हे तर नक्कीच लिही, कारण परदेशात गेलेली माणसं हवामानापेक्षा सहकाऱ्यांशी झालेल्या कुरबुरींनी जास्त दमतात, हे मी जवळून पाहिलंय (आणि एकदा त्या कुरबुरीत मीच होते, असो).

राहिलं व्यसनमुक्ती केंद्र. ते लिहायचंच. आधी स्वतःशी खरं कारण शोध, थकलीस, घाबरलीस, का तुझ्या मदतीने कोणी सुधारत नाही याचा राग आला? पौल आणि बर्णबाबरोबर निघालेला योहान मार्क पिर्गा गावाहून अर्ध्यात परतला, पुढे त्याच्यावरून त्या दोघांची फाटाफूट झाली, आणि तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्कला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून. मुलाखतीत सगळीकडे यशच यश सांगणारा माणूस समोर बसला की मला तरी जरा शंकाच येते.

आणि एक. इथे तुला वर्ग, किल्ल्या, माणसं सगळं माहीत आहे. तिकडे पहिलं वर्ष भाषेतच जाईल, लहान पोरंसुद्धा तुझे उच्चार सुधारतील. मी पहिले कित्येक महिने नुसत्या खुर्च्या मांडायचे आणि विनोद संपल्यावर हसायचे. इथे सगळं मीच सांभाळायचे ही सवय तिथे फार आड आली, म्हणून जायच्या आधी तुझं संडे स्कूल दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन बघ, सहा महिने, आणि मधे बोलू नकोस.

प्रश्न : माझं वय ५२. मंडळीत फक्त हिशेब आणि लाइट-पंख्यांची दुरुस्ती बघितली. माझ्यासारख्याचं काही काम असतं का?

उत्तर : असतं की दादा! कितीतरी देश मिशनरी म्हणून व्हिसाच देत नाहीत, तिथे हातात काम असलेली माणसंच लागतात, आणि हिशेब चोख ठेवणारा माणूस तर सगळ्यांनाच हवा असतो. फक्त फॉर्मवर 'फक्त' हा शब्द लिहू नका, आणि शिफारसपत्र पाळकांबरोबरच (म्हणजे चर्चच्या पास्टरांबरोबरच) ज्यांनी तुमचे हिशेब तपासलेत त्यांच्याकडूनही घ्या.